माझ्या वहीतली मरीया

१८५४ साली पोप नववे पायस यांनी जाहीर केलेला मरीयेविषयीचा सिद्धान्त मी कित्येक वर्षं संडे स्कूलच्या मुलांना चुकीचा शिकवला. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारीपासून झालेला जन्म, असं मी सांगत असे. वर म्हणत असे, ‘जे लूकने पहिल्या शतकात लिहून ठेवलं, ते जाहीर करायला रोमला १८५४ साल उजाडावं लागलं.’ मुलं हसत, मलाही बरं वाटे. पण तो सिद्धान्त येशूच्या जन्माविषयी नाहीच. मरीया आपल्या आईच्या उदरात आली त्या पहिल्या क्षणापासून देवाने तिला मूळ पापापासून राखलं, असं त्यात म्हटलं आहे. जो दस्तऐवज मी खोडून काढत होतो, तो मी कधी उघडून पाहिलेला नव्हता.

माझं घराणं अहमदनगरचं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं केलं. माझे पणजोबा त्यांच्या शाळेत शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. आमच्या घरी पवित्र शास्त्र रोज वाचलं जायचं, पेटीवर भजनं व्हायची, भिंतीवर नारायण वामन टिळकांचा आणि पंडिता रमाबाईंचा फोटो होता. मरीया मात्र फक्त डिसेंबरात भेटायची, नाताळच्या नाटकात. कॅथोलिक लोक मूर्तिपूजक, हे मला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. ते घरच्या बोलण्यातच होतं, आणि मी मोठा होऊन त्याला वचनांची जोड दिली.

माझ्या संडे स्कूलच्या वहीत आणखी एक ठळक अक्षरातली ओळ होती: रोमने दहा आज्ञांमधली दुसरी आज्ञा गाळली. कोरीव मूर्ती करू नको, ही ती आज्ञा. कॅथोलिक मुलांच्या शिकवणीच्या पुस्तकात ती वेगळी दिसत नाही, एवढं मी पाहिलं होतं आणि त्यावर चोरीचा आरोप ठेवला होता. खरं असं आहे की निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आज्ञांना क्रमांक घातलेले नाहीत. संत ऑगस्टीनच्या मोजणीत ‘अन्य देव नकोत’ आणि ‘मूर्ती नको’ मिळून एक आज्ञा होते, आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन होतात. कॅथोलिक बायबलात तो अध्याय पूर्ण छापलेला असतो, एक शब्दही कमी नाही. आणि मला खरा धक्का बसला तो पुढे, मार्टिन लूथरने १५२९ साली लिहिलेली लहान प्रश्नोत्तरी वाचली तेव्हा. त्याची मोजणीही ऑगस्टीनचीच आहे. मूर्तीची आज्ञा त्यातही वेगळी नाही. माझ्या आरोपाखाली लूथरसुद्धा आला असता. दुसरी आज्ञा वेगळी मोजण्याची रीत प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या स्विस शाखेतली, आणि आमचे अमेरिकन मिशनरी त्या परंपरेतले होते, म्हणून ती आमच्याकडे आली.

या चुका वहीपुरत्या राहिल्या असत्या तर मी हे लिहायला बसलो नसतो.

माझ्या बहिणीच्या मुलाला श्रीरामपूरकडची एक मुलगी पसंत होती. दोघं एकाच दवाखान्यात कामाला. मुलीचं घर कॅथोलिक. आमच्या जिल्ह्यात हे नवीन नाही. एकाच वस्तीत चार घरं आमच्या मंडळीची, चार घरं फादरांकडे जाणारी, असं पुष्कळ गावांत आहे. ताईला मुलगी आवडली होती, तरी तिने मला बैठकीला बोलावलं, कारण घरात शास्त्र जाणणारा म्हणून माझं नाव होतं. मुलीची आई दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणारी. हे कळल्यावर मी तयारी करूनच गेलो.

चहा झाल्यावर मी त्या बाईंना सरळ विचारलं, “ताई, तुम्ही मरीयेला देव मानता का?”

“नाही हो सर,” त्या म्हणाल्या. “देव एकच. माउली आमची आई आहे. आम्ही तिला म्हणतो, आमच्यासाठी तुझ्या लेकाकडे शब्द टाक.”

मी मग पहिल्या तीमथ्याच्या दुसऱ्या अध्यायातलं पाचवं वचन काढलं: देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमच्या मंडळीत आजारी माणसासाठी प्रार्थना करतात ना? माझ्या लेकीसाठी तुम्ही प्रार्थना केली, तर तुम्ही मध्यस्थ झालात का?”

मी म्हटलं, “आम्ही जिवंत माणसं आहोत.”

“मग माउली मेलेली आहे का? प्रभूच म्हणाला ना, तो जिवंतांचा देव आहे?”

मार्काच्या बाराव्या अध्यायातलं ते वचन मला पाठ होतं. ते या जागी कोणी वापरील असं वाटलं नव्हतं. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचा राग आला. घरी येऊन मी ताईला सांगितलं की बाई बोलायला हुशार आहेत, पण मनात मूर्ती आहे. उद्या घरात जपमाळ येईल, कोपऱ्यात पुतळा येईल, नातवंडं गुडघे टेकतील. ताईने माझं ऐकलं. संबंध जमला नाही. भाच्याचं पुढे दुसरीकडे लग्न झालं, तो सुखात आहे, त्या मुलीचंही झालं असं ऐकलं. पण भाचा माझ्याशी बरीच वर्षं कामापुरतंच बोलत असे.

त्या बैठकीत मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला स्वच्छ मिळालं होतं. मी ते खोटं धरलं. बाईंच्या मनात काय आहे हे त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं मी समजलो. माझ्या तोवरच्या सगळ्या चुकांमध्ये मी ही सर्वांत वाईट मानतो, कारण बाकीच्या अज्ञानाच्या होत्या.

शिवाय ज्यावर खरंच बोलायला हवं होतं, ते राहूनच गेलं. कॅथोलिक व्यक्तीला दुसऱ्या ख्रिस्ती पंथातल्या व्यक्तीशी लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथोलिक मंडळीत व्हावं म्हणून आपल्या परीने सर्व करीन, असं वचन द्यावं लागतं. १९७०नंतर दुसऱ्या पक्षाकडून असं वचन घेतलं जात नाही, त्याला ते सांगितलं जातं. हा दोन घरांनी समोरासमोर बसून सोडवायचा कठीण प्रश्न होता. मुलं कुठल्या मंडळीत वाढतील, प्रभुभोजन कुठे घेतील, यावर दोन तास बोललो असतो तर कदाचित संबंध मोडलाही असता. पण खऱ्या कारणावर मोडला असता.

पुढे मी कॅथोलिक मतांचं खंडन करणारी एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली. मजकूर आमच्या एका वयोवृद्ध पाळकसाहेबांना दाखवला. त्यांनी सगळा वाचला, आणि प्रत्येक परिच्छेदापुढे पेन्सिलीने एकच शेरा मारला: ‘हे ते स्वतः कुठे म्हणतात?’ त्यांच्या ग्रंथातून दाखवा, मग छापू, असं त्यांचं म्हणणं. मी आनंदाने तयार झालो. एका जेझुइट फादरांकडून कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दस्तऐवज मागून आणले. आठवड्याभरात पुरावे काढून होतील असा अंदाज होता.

पुरावे निघाले नाहीत. ७८७ सालच्या निकेयाच्या दुसऱ्या परिषदेनेच आराधना आणि सन्मान वेगळे केले होते: आराधना केवळ देवाची, प्रतिमेला दिलेला मान ज्याची प्रतिमा आहे त्याला पोचतो. ट्रेंटची परिषद १५६३ साली, म्हणजे सुधारणेला उत्तर देताना, संतांना विनवणं चांगलं आणि उपयोगी आहे असं म्हणते. त्याच ठिकाणी प्रतिमेत काही दैवी शक्ती आहे असं मानू नये आणि भोळ्या समजुती काढून टाकाव्यात, असंही बजावते. संतांच्या नामावलीच्या त्यांच्या प्रार्थनेची रचना मी पहिल्यांदा नीट पाहिली. पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्यापुढे दयेची याचना येते; मरीयेपासून पुढे प्रत्येक नावाला फक्त आमच्यासाठी विनंती कर, एवढंच म्हटलं जातं. मी हे लहानपणापासून शेजारच्या घरांतून ऐकत आलो होतो.

१८५४च्या त्या सिद्धान्तावर माझा एक हुकमी मुद्दा होता. लूकच्या पहिल्या अध्यायात मरीया देवाला आपला तारणारा म्हणते. जी निष्पाप तिला तारणारा कशाला? आता कळलं की हा आक्षेप माझ्या आधी शेकडो वर्षं त्यांच्याच शाळांमध्ये झडलेला आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास याच कारणाने ते मत मान्य करत नव्हता. त्याच्यानंतर डन्स स्कोटसने उत्तर मांडलं की पडल्यावर उचलणं जसं तारण, तसं पडू न देणं हेही तारणच, आणि तेही ख्रिस्ताच्याच पुण्याईने. १८५४चा दस्तऐवज तेच म्हणतो. मला ते उत्तर पटत नाही. शास्त्रात त्याला आधार दिसत नाही. पण मरीयेला तारणाऱ्याची गरज नव्हती असं कॅथोलिक म्हणतात, हा माझ्या वहीतला मजकूर खोटा होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची एक हकिकत मला फार बोलकी वाटली. मरीयेवर स्वतंत्र दस्तऐवज काढावा की मंडळीविषयीच्या दस्तऐवजातच तिचा अध्याय घालावा, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झालं. एका बाजूला १,११४, दुसऱ्या बाजूला १,०७४. चाळीस मतांनी ठरलं की मरीया मंडळीच्या आत, विश्वासणाऱ्यांमधली पहिली म्हणून मांडायची. तो मंडळीविषयीच्या दस्तऐवजाचा आठवा अध्याय. जगभरचे बिशप याच प्रश्नावर जवळपास निम्मेनिम्मे विभागले गेले होते, आणि मी मात्र सगळे कॅथोलिक एकाच सुरात मरीयेला देवी करताहेत असं शिकवत होतो.

पुस्तिका फाडली. इथपर्यंत ठीक होतं. पण मग मी दुसऱ्या टोकाला गेलो.

जानेवारीत १८ ते २५ तारखेदरम्यान ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह असतो. त्यातल्या एका सभेत मला बोलायला बोलावलं. मी उत्साहाच्या भरात सांगितलं की आपल्यात खरा फरक नाहीच, सगळा गैरसमज आहे. पुरावा म्हणून लूथर आणला: १५२१ साली मरीयेच्या स्तोत्रावर त्याने लिहिलेलं भाष्य किती प्रेमाने भरलेलं आहे, तिचं कायमचं कौमार्य तो आणि झ्विंगली दोघेही मानत होते, वगैरे. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर तेच पाळकसाहेब काठी टेकत माझ्याजवळ आले. “१५३७ सालचं का सांगितलं नाहीस?” त्यांनी विचारलं. मला माहीत होतं. श्मालकाल्डच्या कलमांमध्ये लूथरने संतांना विनवण्याची प्रथा ख्रिस्तविरोधी म्हणून कडक शब्दांत नाकारली आहे. त्याआधी १५३०च्या आउग्सबुर्गच्या विश्वासाच्या कबुलीतही एकविसाव्या कलमात म्हटलं आहे की संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या विश्वासाचा धडा घ्यावा, पण त्यांचा धावा करायला शास्त्र शिकवत नाही. मी सोयीचा लूथर घेतला होता, उरलेला लपवला होता. कॅथोलिकांविषयी जे केलं तेच आता स्वतःच्या लोकांविषयी केलं.

ज्या फादरांनी मला ग्रंथ दिले होते, तेही त्या सभेत होते. ते म्हणाले, “सर, तुम्ही आमच्यावर अन्याय करत नाही याचा आनंद आहे. पण १५ ऑगस्टला आम्ही जो सण पाळतो तो तुमच्या दृष्टीने बंधनकारक नाही आणि आमच्या दृष्टीने आहे. हा गैरसमज नाही.” ते बरोबर होते. मरीयेला देहासह स्वर्गात घेतलं गेलं, हे १९५० साली पोप बारावे पायस यांनी विश्वासाचा भाग म्हणून ठरवलं. शास्त्रात स्पष्ट नसलेली गोष्ट मंडळी अशी ठरवू शकते का, माणसाच्या सदसद्विवेकावर ती बांधू शकते का, इथे आम्ही आणि ते खरोखर वेगळे होतो. मरीया हे त्या मोठ्या प्रश्नाचं एक ठिकाण आहे. दुसरं ठिकाण बायबल स्वतः. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, मरण पावलेला संदेष्टा यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. कॅथोलिकांच्या बायबलात ते पुस्तक आहे, आमच्यात नाही. वाद घालणारे दोघं हातात वेगवेगळं पुस्तक घेऊन बसलेले असतात, हे मी सभेत सांगायला हवं होतं.

प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातले वडील पवित्र जनांच्या प्रार्थना धूपाच्या वाट्यांतून कोकऱ्यापुढे ठेवतात. स्वर्गात आपल्यासाठी प्रार्थना चालते, एवढं यावरून मलाही मान्य करावंसं वाटतं. पण त्यांना आपलं ऐकू येतं हे कोणी सांगितलं, असा कॅल्व्हिनचा प्रश्न होता, आणि तो मला अजून रास्त वाटतो. त्या बैठकीत ‘माउली मेलेली आहे का’ या प्रश्नाला मी हे उत्तर द्यायला हवं होतं. ती जिवंत आहे, नक्कीच. तिला हाक मारायला मला सांगितलेलं नाही.

पाळकसाहेबांच्या बोलण्यानंतरही मी एकदा चुकलो. ग्रंथ वाचून झाले होते, म्हणून मी लोकांची परीक्षा घ्यायला हरेगावला गेलो. संत तेरेजा चर्चच्या आवारात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. ८ सप्टेंबर हा मरीयेच्या जन्माचा सण, त्याच सुमाराला ही यात्रा भरते. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळे येतात. नवस बोलतात, फेडतात. एका शेतकऱ्याने मला सांगितलं की मतमाउलीने त्याला मुलगा दिला. मी लगेच मनात नोंद केली: बघा, ट्रेंट काय म्हणते आणि हा काय म्हणतो. त्याला मी तिथेच समजावू लागलो की तुमच्या मंडळीच्या शिकवणीप्रमाणे मुलगा देव देतो, माउली फक्त विनंती करते. तो म्हणाला, “मग तेच तर म्हणतोय. तिनं सांगितलं, त्यानं दिला.” एवढं बोलून तो गर्दीत पुढे सरकला. मला माझी मावशी आठवली. कडवी प्रोटेस्टंट बाई. पण गुडघा दुखायचा थांबला तेव्हा ‘पाळकसाहेबांच्या प्रार्थनेनं गुण आला’ असं सगळीकडे सांगत होती. तिची मी कधी परीक्षा घेतली नव्हती.

याचा अर्थ यात्रेत सगळं ठीक असतं असं नाही. कॅथोलिक मंडळी स्वतःही तसं म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मरीयेच्या बाबतीत अतिशयोक्ती टाळण्याची सूचना दिली, आणि मरीयेला ‘सहतारिणी’ म्हणणं योग्य नाही असं व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने २०२५च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. ही दुरुस्ती करायला त्यांच्याकडे माणसं आहेत. माझं काम माझ्या संडे स्कूलमध्ये होतं, आणि तिथे मरीयेविषयी मी जवळजवळ काहीच शिकवलं नव्हतं. सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील, असं ती म्हणते. आमची पिढी नाताळ सोडला तर तिचं नाव घ्यायला घाबरत होती. देवदूताला तिने दिलेला होकार, काना गावच्या लग्नात चाकरांना तिने दिलेला सल्ला, क्रुसापाशी तिचं उभं राहणं: हे सगळं आमच्याच पवित्र शास्त्रात आहे. इंग्लंडहून आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापतो आणि त्यात तिची कथा सांगतो, तेव्हा आमचं मिशन यायला जवळपास दोनशे वर्षं होती. मराठीत मरीया आमच्या आधीपासून आहे, आणि आम्ही तिला परक्यांची समजत होतो.

आता मी नवीन टिपणं केली आहेत. जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना पत्रं लिहून दहा आज्ञांची आणि १८५४ची चूक कळवली. भाच्याला स्वतः जाऊन सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मामा, हे आईलाही सांगा.” तेही सांगितलं. ताई रडली, आणि त्यानंतर काही दिवस माझ्यावर रागावून होती. तो राग मला मान्य आहे.

श्रीरामपूरच्या त्या बाईंकडे जायला सर्वांत जास्त वेळ लागला. त्यांनी घरात घेतलं, पाणी दिलं. मी सांगायचं ते सांगितलं. त्यांनी मला समजावण्याचा किंवा माफ केल्याचं दाखवण्याचा प्रयत्न केला नाही. “माझी लेक दोन महिने कुणाशी बोलत नव्हती,” एवढंच म्हणाल्या. मी ऐकत बसलो. नंतर त्यांनी विचारलं, “मग आता तुम्ही माउलीला विनवता का?”

“नाही,” मी म्हटलं. “तिला मान देतो. तिच्याकडे मागत नाही. मागायला सांगितलेलं मला शास्त्रात दिसत नाही.”

“मागू नका असं सांगितलेलं दिसतं का?”

मी म्हटलं, मृतांना विचारू नये असं अनुवाद या पुस्तकात आहे. त्या म्हणाल्या, ते चेटूक करून भविष्य विचारण्याबद्दल आहे, प्रार्थनेबद्दल नाही. मग मी त्यांना सांगितलं की शास्त्राने मनाई केली नाही ते चालेल की शास्त्राने सांगितलं तेवढंच चालेल, या प्रश्नावर लूथर एकीकडे आणि झ्विंगली-कॅल्व्हिन दुसरीकडे गेले, आणि आम्ही नगरवाले दुसऱ्या बाजूचे आहोत. त्यांना यात रस वाटला. “म्हणजे तुमच्यातही एकमत नाही,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. त्यावर आम्ही आणखी तासभर बोललो. त्यांचं मत बदललं नाही, माझंही बदललं नाही. मक्काबींचं पुस्तक वाचायला घरी नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्याकडचं बायबल मला वाचायला दिलं.